दवाखानाही आपला, कारभारही आपला

वस्तीत आरोग्य शिबिर लागते. बॅनर असतो, पाहुणे असतात, रक्तदाब मोजला जातो, गोळ्यांचे पाकीट हातात पडते आणि संध्याकाळी मांडव उतरतो. शिबिर कोणत्या आजारासाठी घ्यायचे, कोणत्या वेळी घ्यायचे, नंतर पाठपुरावा कोण करणार, हे वस्तीतल्या माणसांना कोणी विचारलेले नसते. सेवा मिळते, पण तिच्यावर आपला हक्क चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी लोकांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी उचलला आणि स्वतःचे दवाखाने उभे करून त्याला उत्तर दिले. आज त्या देशात अशा संस्थांची संख्या १४० च्या पुढे आहे. त्यांनी काय मिळवले, कुठे अडले आणि अजून कशासाठी भांडत आहेत, हे या वेळच्या आरोग्य पानात समजून घेऊ.

श्रीमंत देश, अल्पायुषी माणसे

ऑस्ट्रेलियात 'ॲबोरिजिनल' आणि 'टोरेस स्ट्रेट आयलंडर' असे दोन मूळनिवासी समाज आहेत. पहिला मुख्य भूमीवरचा, दुसरा उत्तरेकडच्या बेटांवरचा. २०२१ च्या जनगणनेत ८ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी आपली नोंद मूळनिवासी म्हणून केली. हे प्रमाण देशाच्या लोकसंख्येत सुमारे ३.२ टक्के भरते.

देश श्रीमंत आहे, मोठी रुग्णालये आहेत, सरकारी आरोग्य विमा सर्वांना आहे. तरीही २०२०-२२ च्या आकडेवारीनुसार मूळनिवासी पुरुष इतर पुरुषांपेक्षा सुमारे ९ वर्षे आधी मरतो आणि मूळनिवासी स्त्री इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ८ वर्षे आधी. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार आणि हृदयविकार तिथे फार लवकर गाठतात.

एका आजाराचे उदाहरण घेऊ. संधिवाताच्या तापामुळे होणारा हृदयविकार. लहान मुलाचा घसा जंतूंनी सुजतो. उपचार वेळेवर झाला नाही तर काही मुलांना ताप येतो, सांधे दुखतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. एका खोलीत दहा माणसे झोपत असतील, अंघोळीला आणि कपडे धुवायला पुरेसे पाणी नसेल, तिथे हा आजार फिरत राहतो. ऑस्ट्रेलियाच्या इतर समाजातून तो जवळजवळ गेला. मूळनिवासी वस्त्यांत मात्र तो आजही आहे. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी एकदा पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. इंजेक्शन दुखते. ज्या दवाखान्यात पोराला आणि आईला कोणी नीट बोलत नाही, तिथे ती दर महिन्याला कशी येणार? औषध उपलब्ध असूनही पोर दगावते ते इथे.

दवाखान्याची भीती कुठून आली?

वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही नर्सला एक वाक्य पाठ असते: "हे लोक ऐकतच नाहीत." केसपेपरवर तसे लिहिणे सोपे. न येण्यामागचे कारण शोधणे अवघड.

ऑस्ट्रेलियात कारणे इतिहासात आहेत. १७८८ पासून इंग्रजांनी जमीन घेतली. पुढे सरकारी धोरण म्हणून मूळनिवासी मुले आईवडिलांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. हे १९७० च्या सुमारापर्यंत चालले. या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. काही बाळे तर जन्मल्यावर रुग्णालयातूनच नेली गेली. अनेक गावांच्या रुग्णालयांत मूळनिवासी रुग्णांना वेगळ्या वॉर्डात किंवा व्हरांड्यात ठेवत. ज्या इमारतीतून आजीचे मूल नेले, त्या इमारतीत नातीने बाळंतपणाला हसत जावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

१९६७ मध्ये सार्वमत झाले. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर केंद्र सरकारला मूळनिवासींसाठी कायदे करता येऊ लागले आणि जनगणनेच्या अधिकृत लोकसंख्येत त्यांची गणना होऊ लागली. कागद बदलला, पण दवाखान्याच्या दारातली वागणूक लगेच बदलली नाही.

रेडफर्नचे दुकान, १९७१

सिडनीतील रेडफर्न हा तेव्हा गरीब कामगारांचा भाग. कामाच्या शोधात गावाकडून आलेली मूळनिवासी कुटुंबे तिथे दाटीवाटीने राहत. पोलिसांच्या जाचाविरुद्ध १९७० मध्ये तिथे मूळनिवासींची स्वतःची कायदा मदत सेवा सुरू झाली. वकिलांना जमले ते आरोग्यात का जमू नये, या विचारातून १९७१ मध्ये एका दुकानाच्या गाळ्यात 'ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस' सुरू झाली. देशातील मूळनिवासींच्या ताब्यातला हा पहिला दवाखाना.

उभारणाऱ्यांत गॉर्डन ब्रिस्को होते, वस्तीत 'मम शर्ल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्ली स्मिथ होत्या, नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज होते. त्यात टोरेस स्ट्रेटच्या डल्सी फ्लॉवर याही होत्या, आणि त्या परिचारिका होत्या. हे मी मुद्दाम लिहिते. अशा कामाच्या गोष्टीत डॉक्टरांची नावे राहतात, सिस्टरांची पुसली जातात. सुरुवातीला डॉक्टर आणि परिचारिका बिनपगारी काम करत.

डॉक्टर गोरे असले तरी कारभार मूळनिवासींच्या मंडळाकडे होता. कोणाला नेमायचे, दवाखाना केव्हा उघडा ठेवायचा, पैसा कशावर खर्चायचा, हे मंडळ ठरवत असे. पुढे १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात असाच दवाखाना निघाला. त्याच वर्षी मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज इथे 'काँग्रेस' ही संस्था हक्कांसाठी सुरू झाली आणि पुढे तिनेही आरोग्यसेवा उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटले आहे की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे. रेडफर्नच्या लोकांनी ते त्याआधी सात वर्षे करून दाखवले होते.

'समुदायाच्या ताब्यात' म्हणजे नेमके काय?

हे शब्द कोणीही वापरू शकतो. म्हणून २०२० च्या राष्ट्रीय करारात त्यांची व्याख्या लिहून घेतली गेली. संस्था समुदायाच्या ताब्यात आहे असे म्हणायचे तर चार गोष्टी लागतात.

१. संस्था कायद्याने नोंदलेली असावी आणि नफ्यासाठी नसावी.
२. तिचा ताबा आणि कारभार मूळनिवासी लोकांकडे असावा.
३. ज्या समुदायाला ती सेवा देते, त्या समुदायाशी तिचे नाते असावे.
४. तिच्या नियामक मंडळात मूळनिवासींचे बहुमत असावे.

चौथी अट नीट वाचा. एखादा प्रतिनिधी खुर्चीवर बसवला, चहा पाजला, हजेरीपटावर सही घेतली, की सहभाग झाला असे मानायची सवय सगळीकडे आहे. त्या एका माणसाचे मत नेहमी एक विरुद्ध दहा पडते. बहुमत हाती असले तरच 'नको' म्हणता येते, आणि ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'लाही किंमत राहत नाही.

या विषयात तीन शब्द वारंवार येतात: सेवा, प्रतिनिधित्व आणि निर्णय. तिन्ही एकच आहेत असे वाटते, पण त्यांचे दरवाजे वेगळे आहेत. एकेक पाहू.

सेवा: किंटोरचे डायलिसिस

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त यंत्राने गाळावे लागते. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-पाच तास, आयुष्यभर किंवा मूत्रपिंड बदलेपर्यंत. ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे त्या घराला याचा अर्थ सांगायला नको.

पश्चिम वाळवंटातील किंटोर या गावच्या लोकांना त्यासाठी सुमारे ५०० किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला जावे लागे. आठवड्यात तीन फेऱ्या शक्यच नव्हत्या, म्हणून कायमचे गाव सोडावे लागे. म्हातारी माणसे परक्या शहरात एकटी पडत. काही जण डायलिसिस टाकून गावी परत जात. परत जाणे म्हणजे मरण, हे त्यांना माहीत असे. रुग्णालयाच्या हिशेबात हे 'उपचार नाकारणारे' रुग्ण. गावाच्या हिशेबात ही भाषा, गाणी आणि जमिनीचे ज्ञान असलेली माणसे, नातवंडांना शिकवायच्या आधीच निघून जाणारी.

गावात डायलिसिस द्या, ही मागणी त्यांनी केली. एवढ्या दुर्गम जागी ते जमणार नाही, असे उत्तर आले आणि सरकारी पैसा मिळाला नाही. तेव्हा तिथल्या चित्रकारांनी मिळून मोठी चित्रे रंगवली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्यातून स्वतःची संस्था निघाली. तिच्या मूळ भाषेतल्या नावाचा अर्थ 'आपल्या सगळ्या माणसांना बरे करणे' असा आहे. लोक तिला 'पर्पल हाऊस' म्हणजे जांभळे घर म्हणतात. २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झाले.

पुढे अनेक दुर्गम गावांत संस्थेची केंद्रे निघाली. यंत्रे बसवलेला एक ट्रकही फिरतो, म्हणजे लग्नकार्याला किंवा मयताला गावी जाता येते. २०१८ पासून अतिदुर्गम भागातल्या डायलिसिससाठी राष्ट्रीय आरोग्य विम्यात वेगळा दर ठरला. जे जमणार नाही म्हटले होते, ते आता सरकारी दरपत्रकात आहे.

यंत्र तेच, औषध तेच, नर्सचे शिक्षणही तेच. बदलला तो एक प्रश्न. 'यंत्र कुठे ठेवणे सोयीचे?' याऐवजी 'माणसाला कुठे जगायचे आहे?' असे कोणीतरी विचारले. तो प्रश्न गावानेच विचारला, कारण बाहेरच्याला तो सुचला नव्हता.

बाळंतपण: ब्रिस्बेनचा अनुभव

शहरातले उदाहरण ब्रिस्बेनचे. मूळनिवासी समाजाच्या दोन आरोग्यसंस्था आणि तिथले मॅटर रुग्णालय यांनी मिळून २०१३ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी कार्यक्रम सुरू केला. दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांपर्यंत एकच सुईण त्या बाईला सांभाळते. दिवसा-रात्री तिला फोन करता येतो. सोबत मूळनिवासी कुटुंब मदतनीस असते. तपासणीला न्यायला गाडी येते. तपासणी रुग्णालयाच्या लांब रांगेत होत नाही, वस्तीजवळच्या केंद्रात होते.

याचा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. नेहमीची सेवा घेणाऱ्या स्त्रियांशी तुलना करता या कार्यक्रमातल्या स्त्रियांत पाच किंवा अधिक तपासण्या पूर्ण करणाऱ्या जास्त होत्या, घरी जाताना बाळाला फक्त अंगावरचे दूध पाजणाऱ्या जास्त होत्या आणि मुदतीआधी होणारी बाळंतपणे लक्षणीय कमी होती. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वासाचा, दूध ओढण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. त्यामुळे हा फरक नुसत्या समाधानाचा नाही, तो जीव वाचवणारा आहे.

प्रतिनिधित्व: बांधलेले घर एका कायद्याने पडते

दवाखाना चालवणे एक, देशाचे धोरण ठरते त्या टेबलावर बसणे दुसरे. १९९० मध्ये 'ॲट्सिक' हा राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. मूळनिवासी लोक मतदान करून त्याच्या प्रादेशिक परिषदा निवडत. त्याच्याकडे कार्यक्रमांचा पैसाही होता. पुढे त्याच्या नेतृत्वावर आणि कारभारावर टीका झाली आणि २००५ मध्ये संसदेने आयोगच बंद केला. नेत्यावर आक्षेप असेल तर निवडणुकीत नेता बदलता येतो. इथे मतपेटीच काढून घेतली गेली.

म्हणून २०१७ मध्ये उलुरू इथे जमलेल्या प्रतिनिधींनी मागणी केली की आमचा आवाज राज्यघटनेत लिहा, म्हणजे कोणतेही सरकार तो सहज पुसू शकणार नाही. त्यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले. मागितले होते ते फक्त सल्ला देणारे मंडळ. तरीही सुमारे ६० टक्के मते विरोधात गेली आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला.

त्या पराभवानंतर रेडफर्नचा दवाखाना बंद पडला नाही, किंटोरचे यंत्र थांबले नाही. वरचे दार बंद झाले तेव्हा खाली उभारलेल्या संस्थांनी समाजाला धरून ठेवले.

निर्णय: टेबलाच्या दोन्ही बाजू

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारांनी ही आयुष्याची आणि शिक्षणाची दरी भरून काढण्यासाठी उद्दिष्टे ठरवली. ती सरकारांनी सरकारांसाठी ठरवली होती. २०२० च्या आढाव्यात सातपैकी दोनच उद्दिष्टे मार्गावर होती.

दरम्यान मूळनिवासींच्या शिखर संघटना एकत्र आल्या. आरोग्यसंस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमुख पॅट टर्नर यांनी त्या आघाडीचे नेतृत्व केले. आमच्याबद्दलचा करार आमच्याशी करा, अशी त्यांची मागणी होती. जुलै २०२० मध्ये नवा राष्ट्रीय करार लागू झाला, त्यावर सरकारांबरोबर या आघाडीचीही सही आहे. करारात चार सुधारणा आहेत: निर्णय मिळून घेणे, समुदायाच्या संस्था बळकट करणे, सरकारी खात्यांनी स्वतःची वागणूक बदलणे, आणि स्थानिक माहिती समुदायाला देणे.

चौथी सुधारणा सहज नजरेतून सुटते. आपल्या भागात किती बाळे कमी वजनाची जन्मली, किती जणांचा मधुमेह आटोक्यात आहे, हे आकडे ज्याच्या कपाटात असतात तोच प्राधान्य ठरवतो. आकडे हाती नसलेल्याने मागणी केली की तिला 'तक्रार' म्हणतात.

करार झाला म्हणून काम झाले नाही. देशाच्या उत्पादकता आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला आढावा प्रसिद्ध केला. सरकारांनी आपली वचने बहुतांशी पाळलेली नाहीत, जुनीच कामे नव्या नावाने दाखवली जात आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. सत्ता वाटून देण्याची सही करणे सोपे, प्रत्यक्ष वाटून देणे जड जाते.

साथीच्या काळात काय दिसले?

२००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये मूळनिवासी लोक इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात रुग्णालयात दाखल झाले. त्या अनुभवामुळे २०२० मध्ये कोविड येताच त्यांच्या संस्था आधी हलल्या. दुर्गम गावांनी बाहेरच्यांना प्रवेश बंद करण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. मार्चमध्येच सल्लागार गट बनला. त्याचे अध्यक्षपद आरोग्य खाते आणि मूळनिवासी आरोग्यसंस्थांची संघटना यांच्याकडे मिळून होते. माहिती स्थानिक भाषांत गेली. त्या वर्षी मूळनिवासींमध्ये लागण देशाच्या सरासरीपेक्षा खूप कमी राहिली.

याची दुसरी बाजूही आहे. न्यू साउथ वेल्स राज्यातील विल्कॅनिया गावाची घरे दाटीची आहेत, तिथे साथ आली तर विलगीकरण जमणार नाही, असा इशारा 'मारी मा' या स्थानिक मूळनिवासी आरोग्यसंस्थेने मार्च २०२० मध्येच लेखी दिला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे साथ शिरली. तोवर तयारी झाली नव्हती. घरात जागा नाही म्हणून माणसांना तंबूत राहावे लागले. ऐकले तेव्हा माणसे वाचली. सांगूनही ऐकले नाही, तेव्हा गाव आजारी पडले.

वाचकांना पडतील असे प्रश्न

आपण स्वतः दवाखाना चालवला तर सरकारची जबाबदारी संपते का?
नाही. या संस्थांचा बहुतेक पैसा सरकारकडूनच येतो आणि तो हक्काचा मानला जातो. मोठी रुग्णालये सरकारच चालवते. समुदायाने कारभार मागितला आहे, सरकारला सुट्टी दिलेली नाही. अडचण आहे ती पैशाच्या पद्धतीत. अनेक छोटे निधी, प्रत्येकाची मुदत थोडी, प्रत्येकाचा अहवाल वेगळा. त्यात कर्मचाऱ्यांचा वेळ जातो आणि नोकरी पक्की नसल्याने चांगली माणसे टिकत नाहीत.

पैशात घोटाळा झाला तर?
मूळनिवासी संस्थांच्या नोंदणीसाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा निबंधक हिशेब तपासू शकतो आणि गरज पडल्यास प्रशासक नेमू शकतो. आपल्या माणसाकडे हिशेब मागणे ही फितुरी नाही. हिशेब मागितला जातो म्हणूनच संस्था टिकते.

आपलीच माणसे कामाला ठेवली तर दर्जा घसरत नाही का?
मूळनिवासी आरोग्य कार्यकर्त्यांच्या एका गटाला २०१२ पासून डॉक्टर-नर्सप्रमाणे राष्ट्रीय नोंदणी मिळते. त्यासाठी ठरलेले शिक्षण लागते. गोरे डॉक्टर आणि नर्सही या दवाखान्यांत काम करतात. फरक एवढाच की त्यांना नेमणारे मंडळ समाजाचे असते.

समाजातही गट-तट असतात, त्याचे काय?
असतात. तिथेही आहेत. एकाच घराण्याकडे मंडळ गेल्याच्या तक्रारी तिथेही होतात. त्यावर उपाय म्हणजे खुले सभासदत्व, ठरलेल्या मुदतीची निवडणूक आणि सर्वांसमोर वाचला जाणारा वार्षिक हिशेब. स्त्रिया आणि तरुण मंडळात नसतील तर 'समुदाय' हा शब्द अपुराच राहतो.

लक्षात ठेवण्यासारखे

आरोग्याच्या कोणत्याही समितीत बसायची वेळ आली, तर पाच प्रश्न सोबत असू द्यावेत:

• मंडळात बहुमत कोणाचे आहे?
• पैसा कोणाच्या सहीने निघतो?
• आपल्या भागाचे आकडे आपल्याला बघायला मिळतात का?
• आपण 'नको' म्हटले तर काम थांबते का?
• मंडळाला हिशेब विचारायची सभा वर्षातून केव्हा होते?

पाचांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती समिती केवळ फोटोपुरती आहे असे समजा, आणि पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून घेतलेले उत्तर पुढच्या वर्षी उपयोगी पडते.